लाल सुतळी

हुबळीच्या शेट्टरांचा फोन आला
तेव्हा मी टेबल पुसत होते,
आमच्याच कारखान्यातल्या बाद टॉवेलनं.
"येन्री मॅडम," ते म्हणाले,
"माझ्या हॉटेलातला माझा पाहुणा
समोरच्या लॉजच्या नावाला तोंड पुसणार का?"

तीनशे वीस नग.
मल्लिकाच्या गठ्ठ्यात श्रीगंध,
म्हणजे श्रीगंधच्या गठ्ठ्यात मल्लिका.
दोन्ही एकाच रस्त्यावर, समोरासमोर,
आणि दोघांनाही आजवर वाटायचं,
सोलापूरचा हा माल आपल्याकडंच येतो.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं.
वरच्या घडीत श्रीगंधचं बिल होतं.
नग सत्त्याऐंशी.
शेट्टर अठ्ठ्याण्णव देतात.
सात वर्षं देतात.

"अकरा रुपये," ते म्हणाले.
पुढं काहीच नाही.
माझ्या मागं चाळीस माग खडखडत होते
तरी ती शांतता मला स्वच्छ ऐकू आली.

नरसय्याशेठ म्हणाले, ट्रान्सपोर्टवर ढकला.
मुनीम म्हणाले, बिल मागच्या सालचं आहे, सांगा.
जॉबर म्हणाला, नागमणीला वाचता येत नाही,
तिचंच काम असणार.
सगळे मला वाचवत होते, आपापल्या परीनं.

नागमणीला अक्षर कळत नाही, रंग कळतो.
लाल सुतळी मल्लिका, हिरवी श्रीगंध,
ही रीत तिचीच.
नऊ वर्षांत एक गठ्ठा इकडचा तिकडं नाही.
मी गेले तेव्हा सुतळी तिच्या दातात होती.
गाठ पुरी केली, मग बोलली,
"अक्का, शनिवारी लाल संपली होती की.
तुम्हीच म्हणालात, कुठली बी बांध,
गाडी उभी आहे."

म्हणाले होते.
घड्याळाकडं बघत.

तीनला पाळी बदलते.
दहा मिनिटं शेड गप्प होते,
कानात पाणी गेल्यासारखी.
तेवढ्यात फोन लावला.
म्हटलं, चूक माझी आहे.
गाडीची नाही, बांधणाऱ्या बाईची नाही.
तुमचे टॉवेल आज रात्री मागावर चढतात,
शुक्रवारी मी स्वतः घेऊन येते.

"आणि अकरा रुपये?"

बिल खरं आहे, म्हटलं. याच महिन्याचं.
ते माल उचलायच्या आधी पैसे टाकतात,
तुम्ही नव्वद दिवसांनी.
कधी शंभर.
अकरा रुपये त्या दिवसांचे आहेत.
हे सात वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं,
पण तेव्हा मी नवी होते
आणि तुम्ही फार मोठे गिऱ्हाईक.

पलीकडं बशीत कप ठेवल्याचा आवाज.
"टॉवेल मऊ आहेत," म्हणाले,
"दुसऱ्याचे असले तरी."
आणि ठेवून दिला फोन.
याचा अर्थ मी शुक्रवारपर्यंत लावत होते.

शुक्रवारी त्यांनी गठ्ठे फोडून
प्रत्येक काठावरचं नाव बोटानं वाचलं.
मला चहा दिला, बसा म्हणाले नाहीत.
पुढच्या महिन्यात ऑर्डर आली, निम्मी,
पैसे आधी, दर सत्त्याऐंशी.
श्रीगंधवाले मात्र तुटले.
आपला दर समोरच्यानं वाचला
हे त्यांना सोसलं नाही.
त्यांचंही काय चुकलं?

ते तीनशे वीस नग परत आले,
शेठनी कामगारांत वाटून टाकले.
आता आमच्या गल्लीत गच्च्यागच्च्यांवर
हुबळीतलं एक लॉज वाळत असतं.
मीही रोज सकाळी त्याच नावाला तोंड पुसते.
मऊ आहेत, खरंच.

माझ्या ड्रॉवरमध्ये पेनांच्या शेजारी
लाल सुतळीचा एक गुंडा असतो.
नागमणी काही विचारत नाही.
तिच्याकडची संपली की येते,
दारातूनच हात पुढं करते,
आणि मी हातातला फोन बाजूला ठेवून
आधी तिच्याकडं बघते.